ब्रिटनमध्ये डिपॉझिट बुडालं, मग खातंही गोठलं: आता कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर पत्नीसह लीड्सला आलात. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून दोन बँकांनी खातं नाकारलं, तिसरीने कसंबसं उघडलं. महिना ९५० पौंड भाड्याचा फ्लॅट जाहिरातीत दिसला. ‘एजंट’ने दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं असे २,८५० पौंड मागितले. तुम्ही ते अ‍ॅपवरून पाठवले आणि किल्ली घ्यायला गेलात, तर तिथे दुसरंच कुटुंब राहत होतं. बँक म्हणाली, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही.’ हातात काही उरलं नाही तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एकाने मदत देऊ केली: वडिलांनी भारतात त्याने सांगितलेल्या खात्यात रुपये भरायचे आणि तो इथे तुमच्या खात्यात १,५०० पौंड टाकणार. पौंड आले आणि चार दिवसांत खातं गोठलं. महिन्याचा पगारही त्यातच अडकला. बँक कारण सांगत नाही, आणि तुम्ही विचारताय की आम्ही परदेशी आहोत म्हणून आमच्याशी असं वागतात का.

मी ब्रिटनमधल्या एका बँकेत फसवणुकीच्या तक्रारी बरीच वर्षं हाताळल्या. आता नव्याने आलेल्या कुटुंबांना याच बाबतीत सल्ला देते. तुमची चीड रास्त आहे. इथे तुमचा जुना पत्ता नाही, कर्जाची नोंद नाही, मतदारयादीत नाव नाही. बँकेच्या यंत्रणेला तुमच्याबद्दल जवळपास काहीच माहीत नसतं, आणि ज्याच्याबद्दल माहिती नाही त्याच्याकडे ती संशयाने बघते. त्याचा त्रास नव्या माणसाला सगळ्यात जास्त होतो. पण फोनवर मिळालेलं उत्तर हे शेवटचं उत्तर असतं, असं अजिबात समजू नका. इथला कायदा ग्राहकाच्या बाजूने चांगला भक्कम आहे. फक्त तो आपणहून तुमच्यापर्यंत येत नाही. आपलं नुकसान कोणत्या नियमात बसतं ते ओळखून, त्या नियमाचं नाव घेऊन, लेखी मागावं लागतं.

सुरुवात गोठलेल्या खात्यापासून करू. पगार तिथे आहे, आणि इथे चुकीचं पाऊल पडलं तर त्याचे परिणाम सहा वर्षं भोगावे लागू शकतात.

तुम्ही जे वर्णन केलंय ते मी पुष्कळदा पाहिलंय. पौंड देणारा माणूस बहुधा स्वतःचे पौंड देतच नसतो. ब्रिटनमधल्या कुणाला तरी फसवायचं, आणि त्याला पैसे थेट तुमच्यासारख्या नव्या माणसाच्या खात्यात भरायला लावायचे, अशी ही पद्धत आहे. फसलेल्या माणसाला वाटतं आपण घराचं डिपॉझिट भरतोय किंवा एखादी वस्तू विकत घेतोय. तुम्हाला वाटतं ग्रुपवरच्या ओळखीच्याने पौंड पाठवले. बदल्यात तुमच्या वडिलांचे कष्टाचे रुपये टोळीच्या हाती जातात आणि चोरीचे पौंड तुमच्या खात्यात राहतात. ब्रिटनमधला तो फसलेला माणूस आपल्या बँकेकडे तक्रार करतो, त्याची बँक तुमच्या बँकेला कळवते, की तुमचं खातं थांबलंच. अ‍ॅपमध्ये स्टेटमेंट दिसत असेल तर त्या १,५०० पौंडांसमोर पाठवणाऱ्याचं नाव काय आहे ते बघा. ते ग्रुपवरच्या माणसाचं नसेल तर माझा अंदाज बरोबर आहे असं समजा.

बँका याबाबतीत अलीकडे इतक्या कडक का झाल्या, त्यालाही कारण आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला बँकेने भरपाई द्यायची, आणि त्या भरपाईचा निम्मा भार पैसे ज्या बँकेत जमा झाले तिने उचलायचा. पूर्वी हा भार मुख्यतः पाठवणाऱ्या बँकेवर यायचा. आता जमा करून घेणाऱ्या बँकेच्याही खिशाला हात लागतो. त्यामुळे नव्या खात्यात अनोळखी माणसाकडून मोठी रक्कम आली की ती आधी खातं थांबवते आणि मग विचार करते.

कारण न सांगण्यामागे मात्र उर्मटपणा असतोच असं नाही. प्रोसीड्स ऑफ क्राइम अ‍ॅक्ट, २००२ या कायद्यानुसार पैसा गुन्ह्यातला असल्याचा संशय आला तर बँकेला नॅशनल क्राइम एजन्सीकडे अहवाल द्यावा लागतो. असा अहवाल दिलाय हे ग्राहकाला सांगून तपासाला बाधा आणणं हा गुन्हा आहे, आणि तो त्या कर्मचाऱ्यावर वैयक्तिक दाखल होऊ शकतो. म्हणून फोनवरची मुलगी तेच तेच वाक्य वाचून दाखवते. व्यवहार पुढे न्यायला बँकेने परवानगी मागितली असेल तर एजन्सीला उत्तरासाठी कामकाजाचे ७ दिवस मिळतात. तिने नकार दिला तर आणखी ३१ दिवस, आणि त्यापुढे मुदत वाढवायची तर कोर्टात जावं लागतं. एवढं माहीत असलं की रोज फोन करून आवाज चढवण्यात शक्ती घालवायची नाही, हे पटतं. तुमच्या बाजूचे पुरावे बँकेच्या हातात लवकरात लवकर जाणं, हेच महत्त्वाचं.

ते पुरावे असे. ग्रुपवरच्या माणसाशी झालेलं पूर्ण संभाषण, पहिल्या मेसेजपासून, काहीही न पुसता. वडिलांनी भारतात पैसे भरल्याची पावती, तिच्यावरच्या यूटीआर क्रमांकासह, म्हणजे त्या व्यवहाराच्या ओळख क्रमांकासह. नोकरीचं पत्र, पगाराची स्लिप, म्हणजे खात्यातला बाकीचा पैसा कुठून आला ते स्वच्छ दिसेल. सोबत तारखांनिशी घडलेलं लिहून द्या, एक पान पुरे. आणि खरं तेच लिहा. ‘मित्राने उसने दिले’ असं सांगून मोकळं व्हावं असा मोह होतो, कुणीतरी तसा सल्लाही देतं. बँकेकडे पाठवणाऱ्याचा जबाब आधीच असतो. तुमचं सांगणं त्याच्याशी जुळलं नाही की तुम्ही फसलेले राहत नाही, टोळीचे साथीदार ठरता.

आता काय करायचं नाही, ते. ग्रुपवरचा माणूस किंवा त्याच्या वतीने कुणी म्हणालं की ‘चुकून आले, परत पाठव’, तर स्वतःहून कुणालाही काही पाठवायचं नाही. पैसे परत जायचे असतील तर ते बँकेमार्फतच जातील. खातं सुटलं तरी त्या १,५०० पौंडांना हात लावू नका. पुन्हा अशी अदलाबदल करू नका, त्या ग्रुपवर बाकीच्यांनाही सावध करा. आपलं खातं दुसऱ्याच्या पैशांसाठी वापरू देणाऱ्याला इथे ‘मनी म्यूल’ म्हणतात. जाणूनबुजून केलं असेल तर काळा पैसा फिरवल्याच्या कलमाखाली शिक्षा १४ वर्षांपर्यंत आहे. तुम्ही जाणूनबुजून केलं नाही, म्हणूनच ते दाखवणारी कागदपत्रं इतकी मोलाची आहेत. खातं गोठणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, आणि निव्वळ त्यामुळे व्हिसा जात नाही. पत्नीलाही हे सांगा, तिची झोप उडालीये असं तुम्ही लिहिलंय.

पगारासाठी दोन गोष्टी आजच करा. नोकरीच्या ठिकाणी पगार विभागाला सांगा की पुढचा पगार या खात्यात टाकू नका. आणि बँकेला अ‍ॅपमधल्या संदेशातून लिहा की अडकलेल्या रकमेत अमुक पौंड पगाराचे आहेत, ही त्याची स्लिप, भाडं आणि जेवणाखाण्यापुरते तरी मोकळे करा. बँक लगेच मान्य करेलच असं नाही, पण पगाराची रक्कम वेगळी काढून दाखवता आली तर ती सोडवून घेतलेली मी पाहिली आहे. लेखी मागितलेलं नसेल तर पुढे ‘बँकेने आमचे हाल केले’ हे सिद्ध करणंही अवघड जातं.

सहा वर्षांचं म्हणाले ते सिफासमुळे. सिफास ही ब्रिटनमधली फसवणूक रोखणारी संस्था. बँका तिच्या यादीत संशयित खातेदारांची नोंद करतात, आणि ती नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते. तेवढा काळ नवं खातं, कर्ज, कधी मोबाइलचं काँट्रॅक्टसुद्धा मिळणं मुश्कील होतं. आपल्याबद्दल नोंद आहे का, हे सिफासकडून फुकट मागवता येतं. खातं सुटलं किंवा बंद झालं, दोन्ही वेळी ती मागवाच. नोंद सापडली तर ज्या बँकेने केली तिच्याकडे आधी तक्रार, मग सिफासकडे, मग ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र सेवेकडे. नोंद करायला नुसता संशय पुरत नाही, फसवणुकीचा भक्कम पुरावा बँकेकडे असावा लागतो. वर सांगितलेलं संभाषण आणि पावती इथेही उपयोगी पडते.

आता त्या २,८५० पौंडांकडे वळू. ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ हे खरं आहे, पण त्यावरून ‘आम्ही काही करू शकत नाही’ हे निघत नाही. वर जो ऑक्टोबर २०२४चा नियम सांगितला तो अशाच माणसांसाठी आहे, ज्यांनी फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले. तुमचे पैसे ब्रिटनमधल्याच खात्यात, नेहमीच्या फास्टर पेमेंटने, म्हणजे इथल्या खात्यातून खात्यात झटपट पैसे पाठवण्याच्या पद्धतीने गेलेत, म्हणजे तुम्ही या नियमात बसता. भरपाईची कमाल मर्यादा ८५,००० पौंड. बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. सगळं तुमच्या बाजूने लागलं तर निदान २,७५० पौंड परत यायला हवेत. दावा शेवटचे पैसे पाठवल्यापासून १३ महिन्यांच्या आत करायचा, पण तुम्ही उद्यावर ढकलू नका. निर्णयाला कामकाजाचे ५ दिवस. बँकेला माहिती जमवायची असेल तर घड्याळ थांबवता येतं, तरीही एकूण ३५ कामकाजाच्या दिवसांपलीकडे नाही.

बँका इथे दोन मुद्द्यांवर नकार देतात. पहिला असा की हा घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला वाद आहे, फसवणूक नाही. घरमालक खरा असेल, तुम्ही घरात राहिला असाल आणि त्याने डिपॉझिट परत दिलं नाही, तर बँकेचं म्हणणं बरोबर ठरतं. तुमच्या बाबतीत ते घर द्यायचा त्या माणसाला हक्कच नव्हता. तिथे राहणाऱ्या कुटुंबाकडून दोन ओळींचा ईमेल घ्या की आम्ही इथे अमुक तारखेपासून राहतो आणि ही जाहिरात आमची किंवा आमच्या मालकाची नाही. एवढ्या एका कागदाने हा मुद्दा निकाली निघालेला मी पाहिलाय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर उत्तम. नसेल तर तिची लिंक आणि आलेले ईमेल द्या.

दुसरा मुद्दा म्हणजे ‘आम्ही सावध केलं होतं’. इथे नेमकं काय घडलं ते आठवून लिहा. पैसे पाठवताना तुम्ही नाव, सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खातेक्रमांक भरता, आणि अ‍ॅप नाव जुळतंय का ते तपासून सांगतं. तुम्ही ‘एजंट’च्या कंपनीचं नाव टाकलं आणि खातं कुणा व्यक्तीचं होतं, तर ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला असणार. आला असेल तर लपवू नका, बँकेकडे त्याची नोंद आहेच. पण तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. तुम्ही अतिशय गंभीर बेपर्वाई केली हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. इशारा तुमच्या व्यवहाराला आणि त्या प्रकारच्या फसवणुकीला धरून असायला हवा. प्रत्येक पेमेंटच्या आधी सगळ्यांनाच दिसणारा ‘फसवणुकीपासून सावध रहा’ हा ठरावीक मजकूर त्याला पुरत नाही. तुम्ही एजंटला विचारलं का, त्याने काय कारण दिलं, तेही लिहा. ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर या टोळ्यांचं ठरलेलं आहे, आणि देशात नव्याने आलेल्या माणसाला ते खरं वाटणं स्वाभाविक आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आजारपण, घरातला मृत्यू, मनावरचा मोठा ताण, इंग्रजी नीट न समजणं अशा कारणांनी ग्राहक त्या वेळी हतबल असेल, आणि त्याचा परिणाम फसण्यावर झाला असेल, तर बँकेला त्याच्या बेपर्वाईचा मुद्दा काढता येत नाही आणि १०० पौंडही कापता येत नाहीत. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर संकोच न करता सांगा.

पोलिसांकडे नोंद ऑनलाइन होते. इंग्लंडमध्ये ती ‘रिपोर्ट फ्रॉड’ नावाच्या सेवेकडे करायची, २०२५च्या अखेरपर्यंत तिचंच नाव ‘अ‍ॅक्शन फ्रॉड’ होतं. तपास फारसा होईल अशी आशा ठेवू नका, पण मिळालेला क्रमांक दाव्याला जोडा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक फरक स्पष्ट करते, कारण चुकीच्या नियमाखाली मागितलं की चांगला दावाही अडकतो. कार्ड किंवा खातं दुसऱ्याच कुणी वापरलं आणि तुम्ही परवानगीच दिली नव्हती, तर पेमेंट सर्व्हिसेस रेग्युलेशन्स, २०१७ लागू होतात. तुम्ही कळवल्यानंतर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत पैसे परत यायला हवेत. तुमच्या माथी ३५ पौंडांपेक्षा जास्त टाकायचे तर तुमचा लबाडीचा हेतू होता किंवा घोर निष्काळजी होती, हे बँकेने दाखवायचं. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू घेतली आणि विक्रेत्याने गंडवलं, तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं ७५ वं कलम कार्ड कंपनीलाही जबाबदार धरतं. फसून स्वतः पाठवलेल्या पैशांना मात्र २०२४चा नियम. ब्रिटनबाहेर पाठवलेल्या पैशांना तो लागू नाही. आधी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात किंवा क्रिप्टो वॉलेटमध्ये टाकून तिथून गेलेल्या पैशांनाही नाही.

घराबद्दल अजून एक. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर धरून ठेवण्यासाठीची रक्कम एका आठवड्याच्या भाड्याइतकीच. ९५० पौंड भाड्याला पाच आठवड्यांचे जेमतेम १,०९६ पौंड होतात, आणि तुमच्याकडून डिपॉझिट म्हणून १,९०० मागितले. खरा एजंट हा नियम मोडायला घाबरतो. मागणी याहून जास्त आली की तिथेच थांबायचं. घर स्वतः किंवा ओळखीच्या कुणी आतून पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवायचा नाही.

बँकेने दावा फेटाळला, किंवा खात्याबद्दल हाल चालूच ठेवले, तर अ‍ॅपमधून किंवा पत्राने लिहा की ही माझी औपचारिक तक्रार आहे. तसं लिहिलं की बँकेला ठरलेल्या मुदतीत लेखी अंतिम उत्तर द्यावंच लागतं. पेमेंटसंबंधीच्या बऱ्याच तक्रारींना ही मुदत १५ कामकाजाच्या दिवसांची आहे, इतर बहुतेकांना ८ आठवड्यांची. उत्तर पटलं नाही किंवा मुदत उलटली की फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जायचं. ग्राहकाला ही सेवा पूर्ण फुकट आहे, वकील लागत नाही, आणि तिचा निर्णय तुम्ही स्वीकारलात तर बँकेवर तो बंधनकारक असतो. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बँकांचं पहिलं ‘नाही’ तिथे उलटताना मी अनेकदा पाहिलंय. आणि दरम्यान ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे फोन येतील. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्यातल्या कुणालाही एक पेनी देऊ नका.

आता मूळ दुखणं, म्हणजे खातं मिळण्याचं. दुसरं खातं तुम्हाला लागणारच आहे, पण गोठलेल्याबद्दल बँकेला लेखी उत्तर दिल्यावरच अर्ज करा, नाहीतर घाईघाईने पैसे वळवताय असं दिसतं. पत्त्याशिवाय खातं नाही आणि खात्याशिवाय घर नाही, या चक्रात अडकलेल्यांसाठी पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्स, २०१५ आहेत. त्यांनुसार ठरावीक मोठ्या बँकांना बेसिक खातं द्यावं लागतं, आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा कुणीही ते मागू शकतो. पूर्ण अर्ज दिल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत खातं उघडायचं किंवा नकार कळवायचा. ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, पगार जमा होतो, कार्ड मिळतं, बस. शाखेत गेल्यावर कर्मचारी ‘बेसिक’चं नाव सहसा काढत नाहीत, तुम्हीच मागा. फक्त फसवणुकीची किंवा काळ्या पैशाची शंका असेल तर याही खात्याला नकार मिळू शकतो. म्हणून आधी गोठलेल्या खात्याचा निकाल लागणं तुमच्या हिताचं आहे. तोवर पत्नीच्या नावाने स्वतंत्र बेसिक खातं उघडून घर चालवता येईल. मात्र तुमचा पगार तिच्या खात्यात वळवायचा झाला तर पगार विभागाशी आणि तिच्या बँकेशी आधी बोलून घ्या.

अ‍ॅपवर पाच मिनिटांत उघडणाऱ्या कंपन्यांपैकी काही पूर्ण बँका आहेत, काही नाहीत. बँक बुडाली तर ठेव विमा १ डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंडांपर्यंत आहे. बँक नसलेल्या, नुसत्या ई-मनी कंपनीत ठेवलेल्या पैशांना हा विमा नसतो. रोजच्या खर्चाला चालेल, साठवण तिथे नको.

आपल्या नावांचा घोळ तर मी रोज बघते. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, बायकांचं कधी लग्नाआधीचं, कधी नंतरचं. ई-व्हिसावर तेच जसंच्या तसं उतरतं. बँकेच्या अर्जात आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो, पगाराच्या स्लिपवर तिसराच प्रकार. संगणक हे तीन वेगळे लोक समजतो, आणि ‘ओळख पटली नाही’ असा निरोप येतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा. पासपोर्ट नवा काढला असेल तर ई-व्हिसाच्या खात्यात नवा क्रमांक आधी जोडा, मगच बँकेला शेअर कोड, म्हणजे तुमचा ई-व्हिसा ऑनलाइन पडताळायचा कोड द्या.

आणि एक काम असं आहे की जे भारतीय नागरिक सहसा करत नाहीत, कारण आपल्याला तो हक्क असेल असं वाटतच नाही. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या पत्ता पडताळायला मतदारयादी वापरतात. भारतातला सिबिल स्कोअर इथे चालत नाही, सगळं शून्यापासून उभं करायचं असतं, आणि त्याची पहिली वीट हीच आहे. कायमचा पत्ता झाला की त्याच आठवड्यात दोघांचीही नावं नोंदवा.

व्हिसा रद्द होणार, दंड भरा, असे फोन नव्या माणसाला येतातच. समोरच्याकडे तुमचं नाव आणि पासपोर्ट क्रमांकसुद्धा असू शकतो. होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, असा दंड फोनवर मागत नाही. बँकेतून बोलतोय असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा आणि १५९ लावा. बहुतेक मोठ्या बँकांच्या खऱ्या विभागाशी तो जोडून देतो. संशयास्पद मेसेज ७७२६ वर पुढे पाठवता येतो.

राहता राहिले वडिलांचे रुपये. त्यांनी १९३० या हेल्पलाइनवर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर यूटीआर क्रमांकासह तक्रार नोंदवावी. बराच वेळ गेलाय, त्यामुळे रक्कम परत मिळेल असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही फसवले गेलात याची दोन्ही देशांत नोंद होणं तुमच्या इथल्या प्रकरणालाही बळ देतं. त्याआधी त्यांनी एखाद्या सीएचा सल्ला जरूर घ्यावा. भारतात रुपये देऊन त्या मोबदल्यात परदेशात चलन घेणं परकीय चलनाबद्दलच्या फेमा कायद्याच्या कलम ३ नुसार चालत नाही, फसवलं गेलं असलं तरीही. उलट दिशेने, म्हणजे इथे पौंड देऊन भारतात रुपये घेणाऱ्यांची भारतातली खाती परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून गोठतात, तीही प्रकरणं माझ्याकडे येतात.

घरून पैसे मागवायचे तर सरळ रस्ता आहे. भारतात राहणारी व्यक्ती उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बँकेमार्फत पाठवू शकते, पॅन आणि ए२ फॉर्म लागतो. १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा कर, तोही कापला जात नाही. तुमचं स्वतःचं भारतातलं बचत खातं असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं करून घ्या, तसं करणं नियमाने बंधनकारकच आहे. एनआरओमधून कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आणि भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा. ओटीपी त्यावरच येतो, आणि ते बंद पडल्यामुळे स्वतःच्याच खात्याला मुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

उद्या सकाळी सगळ्यात आधी बँकेला दोन वेगळे संदेश पाठवा. एक गोठलेल्या खात्याबद्दल, एक २,८५० पौंडांच्या दाव्याबद्दल. दोन्ही एकाच पत्रात घातले की ते एकाच विभागाकडे जातात आणि दुसरा विषय पडून राहतो. प्रत्येकाला संदर्भ क्रमांक मागा. बँकेचं उत्तर आलं की खातेक्रमांक झाकून त्यातला नकाराचा परिच्छेद इथे उत्तराखाली लिहा. त्यांनी कोणता मुद्दा धरलाय ते बघून ओम्बड्समनकडे काय मांडायचं ते सांगते.